मोल्डेबल फोम + रबरी शिक्के: अक्षरं उलटी का उमटतात?

कागदवेडी | सकाळी ९:१०

शुभेच्छापत्रांसाठी मोल्डेबल फोमचे ठोकळे वापरण्याबद्दल हा धागा. हीट गनने तापवलेला फोम रबरी शिक्क्यावर दाबला की त्यात शिक्क्याचा साचा उतरतो, मग त्यावर शाई लावून कागदावर छाप घेता येते. नक्षी सुंदर उमटते, पण दोन गोष्टी अडतात. एक, 'धन्यवाद' सारखा शब्द कागदावर उलटा येतो. दोन, शिक्क्यात जी रेघ काळी उमटते ती फोमच्या छापेत पांढरी राहते आणि भोवतालचा भाग रंगतो. पांढरी रेघ चालेल, किंबहुना तीच हवी आहे. अक्षरं सरळ कशी आणायची? शिवाय साचा कधी खोल तर कधी अगदी पुसट येतो, त्याचं कारणही कळलं तर बरं. ठोकळा साधारण ७ × १० सेंमी, जाडी दीड सेंमी.

उपडा_ठसा | सकाळी ९:३८

उलटापालट कुठे होते ते टप्प्याटप्प्याने बघा. शिक्क्यावरची अक्षरं मुळात उलटी कोरलेली असतात, म्हणून कागदावर सरळ उमटतात. त्या उलट्या अक्षरांवर फोम दाबला की फोमवर ती सरळ दिसतात. आणि फोमवर सरळ दिसणारं कागदावर उलटंच येणार. थोडक्यात, तुम्ही एक पलटी जास्तीची घेतली आहे.

रेघेचंही तसंच. शिक्क्याचा उंच भाग फोममध्ये खड्डा करतो, शाई बसते ती खड्ड्याबाहेरच्या सपाटीवर. खड्डा कोरा राहतो.

रेघोट्या | सकाळी ९:५१

पांढऱ्या रेघेला दोष समजू नका हं. इंग्रज कोरीवकार थॉमस ब्यूइकने (१७५३–१८२८) लाकडाच्या कोरीव ठशांत हीच पद्धत नावारूपाला आणली, गडद पार्श्वभूमीत पांढऱ्या रेघेने चित्र काढायचं. पक्ष्याचं पीस, गवताचं पातं, पावसाची सर अशा बारीक रेघांच्या गोष्टी त्यात फार खुलतात. फोमसाठी शिक्का निवडतानाही हाच विचार करावा. ज्या शिक्क्यात भरीव भाग खूप, त्याचा फोम घेतला तर मधे मोठा पांढरा डाग तेवढा दिसतो. रेघांचं रेखाटन असलेला शिक्का घ्या.

घडीव | सकाळी १०:२०

पुसट साच्याबद्दल लिहितो, कारण नव्वद टक्के चुका तिथेच होतात.

हीट गन फोमपासून ५ ते ८ सेंमीवर धरा आणि सतत गोल फिरवत ठेवा. एकाच जागी थांबलात तर तिथे फोम चकाकतो, आक्रसतो आणि तो भाग पुढे कधीच नीट साचा घेत नाही. तुमच्या आकाराच्या ठोकळ्याला २५ ते ३० सेकंद लागतील. कडा लवकर तापतात, मधला भाग मागे राहतो, म्हणून मध्यापासून सुरुवात करून कडांवरून शेवटी एकदाच फिरा. पृष्ठभागाची चमक किंचित बदलली, कोपरे जरासे हलल्यासारखे वाटले की थांबा. धूर दिसला तर फोम जळतोय, तो श्वासात जाऊ देऊ नका. खिडकी आधीच उघडी हवी.

मग वेळ अजिबात नाही. गन खाली ठेवून शिक्का शोधायला गेलात तर संपलं. शिक्का आधीच टेबलावर तोंड वर करून ठेवलेला हवा, आणि ३-४ सेकंदांत फोम त्यावर पालथा पडलाच पाहिजे. उभं राहून, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार द्या. १५ सेकंद हलायचं नाही. ठोकळा डावी-उजवीकडे डोलवला की रेघा दुहेरी येतात. उचलतानाही एका कडेने न सोलता सरळ वर उचला.

फोमच्या पाठीवर ॲक्रिलिकचा सपाट ठोकळा ठेवून दाबलं तर बोटांच्या जागी खोल आणि मधे उथळ असं होत नाही. कधी खोल, कधी पुसट यायचं मला दिसणारं मुख्य कारण हे बोटांचं.

निळीशाई | सकाळी १०:३३

घडीव यांना अनुमोदन. एक भर: शिक्का कशावर बसवलेला आहे तेही बघा. लाकडी ठोकळ्यावरच्या शिक्क्याचा साचा खोल येतो. रबराखाली मऊ गादी असलेले चिकटपट्टीचे शिक्के असतात ना, त्यात अर्धा दाब ती गादीच गिळते. असा शिक्का गादीसकट टेबलावर ठेवण्याऐवजी काचेवर किंवा टाइलवर चिकटवा, फरक पडतो.

मातीची_बोटं | सकाळी १०:४७

पारदर्शक पॉलिमरचे शिक्के चालतात का? संग्रहात तेच जास्त असतात आजकाल.

घडीव | सकाळी ११:०२

जपून. रबर गंधक घालून तापवून पक्कं केलेलं असतं. चार्ल्स गुडइयरने त्या प्रक्रियेचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं आणि रबरी शिक्के आजही मुळात तसेच, उष्णता आणि दाब देऊन बनतात. म्हणून तापलेल्या फोमचं त्यांना काही वाटत नाही. पारदर्शक पॉलिमर उष्णतेने मऊ पडतो, बारीक रेघा वाकतात आणि फोमला चिकटायची भीती असते. वापरायचाच असेल तर फोम ५ सेकंद कमी तापवा, ठळक रेघांचाच शिक्का घ्या आणि त्यावर आधी टाल्कमचा अगदी पुसट हात फिरवा. साचा उथळ येईल, पण शिक्का वाचेल. आणि काहीही झालं तरी हीट गनचा झोत थेट त्या शिक्क्यावर नको.

पानफूल | सकाळी ११:१५

हेअर ड्रायरने काम होईल का?

निळीशाई | सकाळी ११:१८

नाही. हवा जास्त, उष्णता कमी. फोम कोमट होतो, साचा मात्र धरत नाही. मेणबत्तीवरही धरू नका, काजळी बसते आणि फोम पेट घेतो.

उपडा_ठसा | सकाळी ११:४०

आता मूळ प्रश्नाकडे. सरळ अक्षरांसाठी आणखी एक पलटी हवी, की हिशेब जुळला. जुन्या छापखान्यात खिळ्यांवरून (छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांवरून) कागदी लगद्याचा साचा घेत. खिळे उलटे, साच्यात अक्षरं सरळ, आणि त्या साच्यात धातू ओतून केलेली प्लेट पुन्हा उलटी, म्हणून छाप सरळ. तुम्ही साच्यावरच थांबून तिथूनच छापताय.

पण फोमच्या साच्यात माती किंवा सिलिकॉन भरून पुढची प्रत काढू नका. एक तर त्यातून मूळ शिक्काच परत मिळेल, म्हणजे पांढरी रेघ गेली. दुसरं म्हणजे ती दुसऱ्याच्या रेखाटनाची नक्कल झाली.

सोपा उपाय वेगळा आहे. दुसरा, कोरा गुळगुळीत फोमचा ठोकळा घ्या. साच्याच्या फोमला शाई लावा, तो कोऱ्या ठोकळ्यावर छापा, आणि लगेच कोरा ठोकळा कागदावर छापा. अक्षरं सरळ, पांढरी, भोवती रंग.

कागदवेडी | दुपारी १२:०५

हे डोक्यात आलंच नव्हतं. पण दोनदा छापताना शाई पुरते का? आणि शाई कुठली?

निळीशाई | दुपारी १२:२८

पुरते, पण शाई पिगमेंटची हवी. डाय इंक पातळ असते. फोमचे छिद्र बंद असतात, पाणी आत शिरत नाही, त्यामुळे डाय इंक थेंबाथेंबाने गोळा होते आणि छाप ठिपक्यांची येते. शिवाय दोन्ही छापांच्या मधे ती वाळूनही जाते. पिगमेंट इंक दाट आणि सावकाश वाळणारी, म्हणून इथे बरोबर.

लावताना पॅड खाली ठेवून फोम त्यावर आपटू नका. फोम वर तोंड करून ठेवा आणि पॅडच हलक्या हाताने टिपत फिरवा. जोर दिला की पॅडचं कापड खड्ड्यात उतरतं, रेघा भरून जातात, आणि मग साचाच वाईट म्हणून दोष दिला जातो. नेहमीपेक्षा दोन थर जास्त लावा, कारण मधल्या ठोकळ्यावर निम्मी शाई मागे राहणार. सगळं मिळून १०-१५ सेकंदांत उरका.

नव्या फोमवर पिगमेंट इंकसुद्धा पहिल्या दोन-तीन छापांत फुटते. साचा घेण्याआधी पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा. तरी फुटली तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचा एक नाजूक हात. साचा घेतल्यानंतर मात्र पॉलिश पेपर लावायचा नाही, कडांची धार जाते.

मातीची_बोटं | दुपारी १२:४१

जेल प्लेट (छपाईसाठीची मऊ, जेलीसारखी पाटी) असेल तर कोऱ्या फोमऐवजी तीही चालते. शाई जास्त सोडते. ॲक्रिलिक रंग लावणार असाल तर जेल प्लेटच बरी, फक्त फोम लगेच धुवा. खड्ड्यात वाळलेला ॲक्रिलिक निघत नाही.

शिक्केमोर्तब | दुपारी १:१०

एक वेगळं मत मांडतो. एवढी कसरत करण्यापेक्षा अक्षरांसाठी शिक्काच वापरू नये. डाय-कट (धातूच्या धारदार साच्याने कापायची) अक्षरं जाड कार्डातून कापा, दुसऱ्या कार्डावर सरळ, वाचता येतील अशी चिकटवा आणि त्यावर तापलेला फोम दाबा. फोमवर अक्षरं उलटी येतात, छाप थेट सरळ. मधला ठोकळा नको, शाईचं पाणी करणं नको. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) कार्डाचे दोन थर एकावर एक चिकटवून अक्षर कापलंत तर खोली पुरेशी मिळते. एका थराची खोली कमी पडते आणि सपाट छापेत अक्षर धूसर होतं. गोंद मात्र पूर्ण वाळू द्या, नाहीतर अक्षर फोमलाच चिकटून वर येतं.

जाळी, सुतळी, पानाच्या शिरा, नालीदार पुठ्ठा, सगळ्यांवर हेच चालतं.

उपडा_ठसा | दुपारी १:२२

ठळक अक्षरांसाठी मान्य. पण वळणदार सुलेखनाचा बारीक शिक्का असेल तर तेवढी नाजूक रेघ कार्डातून कापून मिळत नाही. तिथे दोन छापांचीच पद्धत.

शिक्केमोर्तब | दुपारी १:२५

हो, तिथे तुमचं बरोबर.

रेघोट्या | दुपारी १:५०

उलटी छाप फुकट कशाला घालवायची? छापेत उजवीकडे बघणाऱ्या पक्ष्याचा शिक्का घ्या. डावीकडे शिक्क्याने काळ्या रेघेचा पक्षी छापा, उजवीकडे त्याच शिक्क्यावरून घेतलेल्या फोमने रंगीत जमिनीवर पांढऱ्या रेघेचा. दोघं आपोआप समोरासमोर येतात, एक दिवसा आणि एक रात्री. वाढदिवसाला नको, पण लग्नाच्या वाढदिवसाला हवंच असं कार्ड!

पानफूल | दुपारी १:५३

वाह, काय सुंदर कल्पना. वाचनखूण साठवली.

विषयांतर होईल, पण फोमच्या ठोकळ्याऐवजी पातळ रंगीत ईव्हीए शीटवर (हस्तकलेच्या साध्या फोमच्या शीटवर) शिक्का दाबून तो तुकडाच कार्डावर चिकटवला तर?

घडीव | दुपारी २:३०

होतं, आणि छान होतं, पण तो निराळा खेळ आहे. शीट २ मिमीची असेल तर ८ ते १० सेकंद पुरतात. तापताना ती आधी वळते, मग सैल पडते. सैल पडली की दाबायची. खाली लाकडी फळी ठेवा, कारण पातळ शीटला स्वतःचा आधार नसतो. २ मिमीत नाजूक रेघ कशीबशी दिसते, ५ मिमीत उठाव खरा खुलतो, पण ५ मिमी कार्डावर लावलं तर पाकीट फुगतं. ३ मिमी हा मधला मार्ग.

इथे शीट शिक्क्यावर दाबण्यापेक्षा शीट खाली आणि शिक्का वरून दाबला तरी चालतं, शिक्का नीट मधोमध बसवता येतो. आणि अक्षरं सरळच दिसतात, कारण तुकडाच डकवायचा आहे, छापायचं नाही. कागदवेडी, तुमच्या 'धन्यवाद' साठी हाही एक रस्ता आहे.

चिकटवायला पाणीदार पांढरा गोंद नको. फोममधून पाणी उडत नाही, तो दिवसभर ओला राहतो आणि कार्ड लहरी होतं. दुहेरी चिकटपट्टी उत्तम. हॉट ग्लूच्या उष्णतेने पातळ फोमची नक्षी बिघडू शकते.

मातीची_बोटं | दुपारी २:४६

शिक्क्याला आधी रंगीत शाई लावून मग तापलेल्या शीटवर दाबला तर खोल रेघाही रंगीत येतात. वर एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून उठाव देणारी पूड) टाकून तापवली की सोनेरी!

निळीशाई | दुपारी २:५२

थांबा, पावडर नको. ती वितळवायला पुन्हा हीट गन आली, आणि तापलं की साचा फुलून वर येतो. पावडर चमकेल, पण खाली नक्षी उरणार नाही. पावडर वापरायची तर ती कागदावरच्या छापेवर. पिगमेंट इंकची छाप, ती ओली असतानाच पावडर, जास्तीची झटकून मग उष्णता.

आणि रंगीत रेघेसाठी पिगमेंट इंक फोमवर पूर्ण वाळतच नाही, बोट लागलं की पसरते.

शिक्केमोर्तब | दुपारी ३:०५

म्हणून चिकटवायच्या तुकड्यासाठी सॉल्व्हंट इंक. ती न शोषणाऱ्या पृष्ठभागासाठीच असते आणि मिनिटात वाळते.

निळीशाई | दुपारी ३:११

तुकडा कायमचा कार्डावर जाणार असेल तर पटलं. पण पुन्हा वापरायच्या ठोकळ्यावर सॉल्व्हंट इंक कधीही नको. ती पाण्याने निघत नाही, आणि काढायचा द्रव फोमचा पृष्ठभाग खातो. पारदर्शक शिक्क्यांनाही ती लावू नका. रबरी शिक्का चालेल, लगेच त्याच्याच क्लीनरने पुसा.

पानफूल | दुपारी ३:२०

साचा फुलून वर येतो म्हणजे? मग ठोकळा पुन्हा कोरा होतो का?

घडीव | दुपारी ३:४५

हो, ठोकळ्याच्या फोमची खरी गंमत ती. आत हवेचे बंद कप्पे असतात. तापवून दाबलं की कप्पे चेपतात आणि दाबाखालीच थंड झाले की चेपलेलेच राहतात. पुन्हा तापवलं की आतली हवा फुगते, भिंती सैल पडतात, आणि पृष्ठभाग सपाट होतो. मग नवा साचा.

तापवण्याआधी मात्र ठोकळा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा. शाई राहिली तर ती भाजून बसते. डाग राहिला तर हरकत नाही, तो पुढच्या छापेत उतरत नाही. थर राहिला तर उतरतो. ब्रशने घासू नका.

साधी ईव्हीए शीट इतकी आज्ञाधारक नसते. ती अर्धीच फुलते, पहिल्या नक्षीची सावली उरते. ठोकळाही जास्त तापवून चकाकला असेल तर त्या जागी पूर्ण भरून येत नाही. दोन्ही बाजू वापरता येतात, म्हणून एका बाजूला आवडता साचा जपा आणि दुसरी प्रयोगांना ठेवा. फक्त प्रयोगाची बाजू तापवताना जपलेली बाजू खाली, थंड टाइलवर. दीड सेंमी जाडीत उष्णता तिथवर पोचत नाही, पण कडेने झोत गेला तर किनार फुलते.

जपलेले साचे उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचे नाहीत, आणि एकावर एक रचून वर वजन तर नाहीच.

कागदवेडी | संध्याकाळी ५:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. छाप घेतली की नक्षीभोवती शिक्क्याच्या रबराची कड चौकट म्हणून दिसते. ती शाई पुसून घालवावी लागते का?

उपडा_ठसा | संध्याकाळी ५:३२

फोम शिक्क्यापेक्षा मोठा असेल तर असं होणारच. रबराची कड फोममध्ये उतरते आणि तिच्याबाहेरचा न दाबलेला फोम उंच राहतो, तोच शाई धरतो. फोम शिक्क्याच्या नक्षीपेक्षा ३-४ मिमी लहान कापा, म्हणजे कड फोमवर येतच नाही. धारदार कटर एकाच ओढीत, सरळ खाली. करवतीसारखं पुढेमागे केलं की कड फाटते आणि छापेत दातेरी दिसते. कापायचं ते साचा घेण्याआधी.

गोल किंवा पानाचा आकार कापलात तर चौकटीचा प्रश्नच नाही. रंगाचं पान आणि त्यात पांढऱ्या शिरा.

रेघोट्या | संध्याकाळी ५:४४

पानावरून आठवलं, भरीव पानाचा रबरी शिक्का असेल तर त्याला फिकट हिरवी शाई लावा, शिरांच्या साच्याच्या फोमला गडद हिरवी, आणि फोम शिक्क्यावर टेकवून उचला. मग शिक्का कागदावर. दोन रंगांचं पान एका छापेत. फिकट शाई आधी, गडद नंतर, म्हणजे पॅड खराब होत नाही. शिक्क्यावर टेकवल्यामुळे इथेही पलटी दोनदा होते, दिशा सरळच राहते.

मातीची_बोटं | संध्याकाळी ५:५८

कागद गुळगुळीत घ्या, २५० ते ३०० जीएसएम. जलरंगाच्या खडबडीत कागदावर मोठी सपाट छाप तुटक येते. कागदाखाली माउसपॅडसारखी मऊ गादी ठेवली तर तुटणं बरंच कमी होतं.

कागदवेडी | रात्री ९:२०

दोन्ही पद्धती करून पाहिल्या. ठोकळा ६ × ९ सेंमी कापला, २५ सेकंद तापवला, पाठीवर ॲक्रिलिकचा ठोकळा ठेवून दाबला. सुलेखनाचा 'धन्यवाद' गडद निळ्या पिगमेंट इंकने कोऱ्या फोमवरून सरळ आणि स्वच्छ आला, फक्त 'न्य' चा जोड भरला. डाय-कट अक्षरांची छाप जास्त गडद आली, चौकट नाही.

निळीशाई | रात्री ९:३१

'न्य' भरला म्हणजे तिथे शाई जास्त झाली. पहिली छाप रद्दी कागदावर घ्या, पुन्हा एकच थर टिपा आणि मग कोऱ्या ठोकळ्यावर. फोटो टाका!